खिडकीजवळची खुर्ची

“ह्यांना तुझ्या त्या खोलीत आणून बसव हं. काही शिकवायला जाऊ नकोस, नुसतं बसव,” उशीवर मान टेकून ताई म्हणाली होती. धाकटीने तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं. ताई गेल्यावर त्या शब्दाला देवाशिवाय साक्षीदार उरला नव्हता.

वाचनालयामागची रद्दीची खोली लोकांच्या हस्तकलेसाठी मोकळी झाली, आणि तिची मांडणी करायचं काम धाकटीकडे आलं. कुणीही यावं, लोकर, वेत, कापड, हाताला लागेल ते घ्यावं आणि मन निवेपर्यंत बसावं. धाकटीने जीव ओतला. आवाज शोषायला भिंतींना बुचाचे तक्ते, खिडक्यांना जाड पडदे, खुर्च्यांच्या पायांना लोकरी कापडाच्या टोप्या. टिकटिक नको म्हणून घड्याळसुद्धा उतरवलं.

“बाई, इथे शिंक आली तर रस्त्यावर पळायचं का?” सुतारकाकांनी विचारलं होतं.

ताईने आपलं पायाचं शिलाई मशीन त्या खोलीला देऊ केलं होतं. “अगं, त्याचा खडखडाट केवढा! माणसं विसाव्याला येणार,” म्हणत धाकटीने ते टाळलं. ताई नुसती हसली होती.

दार लोकांसाठी उघडायच्या आदल्या दिवशी धाकटी भावोजींना घेऊन आली. खिडकीजवळची खुर्ची त्यांचीच म्हणून ठेवली होती. ते बसले. लोकरीचा गुंडा उचलला, मांडीवर ठेवला, परत टोपलीत ठेवला. मग उठलेच.

“बसा ना भावोजी. चहा आणू?”

“नको गं. छान केलंयस सगळं.” ते चष्मा पुसत राहिले. “पण मेव्हणीबाई, एवढी शांतता मला घरीच आहे. तीच संपता संपत नाही.”

ती टोपलीतले गुंडे उगाच नीट लावू लागली.

“जन्मभर तिच्या त्या मशीनवर खेकसलो. पेपर वाचू देत नाही म्हणून. आता पेपर उघडतो, तर पहिल्या ओळीच्या पुढे जात नाही.” दारात चपला चाचपत ते म्हणाले, “तू मनाला लावून घेऊ नकोस हं.”

ते गेले. त्यांची पावलंसुद्धा ऐकू आली नाहीत, इतकी नीट बांधली होती तिने ती खोली. धाकटी त्या खुर्चीत बसून राहिली. ताई का हसली होती ते आत्ता कळलं; सांगायला ताई नव्हती.

मग उठून तिने दाराबाहेर हत्यारं आवरणाऱ्या सुतारकाकांना हाक मारली, “काका, खिडकीजवळचं टेबल जरा सरकवा. तिथे पायाचं मशीन येणार आहे.”

“आणि चालवणार कोण? तुम्हाला साधी टीप मारता येत नाही म्हणे.”

“वाकडी पडेल. आवाज तर होईल ना.”

काका हसायला गेले, पण तिचे डोळे पाहून थांबले. “माझी हातगाडी न्या,” ते हळूच म्हणाले. “आणि तेलाची बुधली. इतके दिवस पाय लागला नाही, जाम झालं असेल.”

तिने घड्याळ पुन्हा खिळ्याला अडकवलं, बुधली पिशवीत ठेवली, आणि गाडी ढकलत भावोजींच्या घराच्या वाटेला लागली.