आबांनी दाबलेलं बटण

आबा जाऊन आठ दिवस झाले होते आणि श्रेयाला अजून काहीच होत नव्हतं. भूक लागत होती, झोपही लागत होती. डाळजच्या घरी माणसांची रीघ, बायका गळ्यात पडून हमसून रडायच्या आणि ही त्यांच्या खांद्यावरून भिंतीवरची पाल बघत राहायची.

"दहाव्याला आबांचा परिचय तू वाचायचास," पप्पांनी सांगून टाकलं. "तुझ्याएवढं खणखणीत कोण बोलतंय? फक्त संसदेतल्या त्यांच्या समित्यांची नावं नीट काढ. मोठमोठी माणसं येणारेत."

खणखणीत ती गेल्या डिसेंबरपासूनच झाली होती. त्याआधी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही घसा बसायचा. बारामतीच्या वक्तृत्व स्पर्धेत 'माझे आबा' या विषयावर बोलली आणि थेट पहिली आली! आजोबा एकदाच खासदार झालेले. शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायचं विधेयक आलं, पक्षाचा आदेश होता बाजूनं मत द्या, आणि आबांनी भर लोकसभेत विरोधाचं बटण दाबलं. पुढं तिकीट कापलं गेलं. ही गोष्ट डाळजपासून शेळगावपर्यंत शेंबड्या पोरालाही पाठ. श्रेयानं ती सांगितली तेव्हा परीक्षकबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले होते.

समित्या मोबाईलवर सापडल्या. संसदेच्या जुन्या कामकाजाची पिवळट पानं. कृषी समिती, सदस्य. याचिका समिती, सदस्य. मग हौसेनं तिनं त्या दिवसाचं मतदानही उघडलं. विरोधातल्या यादीत आबा नव्हते. दोनदा शोधलं. मग बाजूनं मत देणाऱ्यांत बघितलं.

होते.

तिनं फोन उपडा ठेवला, आत जाऊन पाणी प्यायली, परत येऊन बघितलं. होतेच.

झुंबरतात्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. आबांसोबत पाच वर्षं दिल्लीत राहून त्यांचा स्वयंपाक केलेला माणूस.

"तात्या, आबांनी मत कुठलं दिलं होतं?"

"आख्ख्या मुलखाला ठावं हाय की."

"यात बाजूनं दिलंय म्हणून लिहिलंय."

अडकित्ता थांबला.

"तितं दोनी हात लागत्यात," तात्या म्हणाले. "एका हातानं एक बटण धरून ठिवायचं, दुसऱ्यानं रंगाचं दाबायचं. हिरवं म्हंजी बाजूनं, लाल म्हंजी विरोध. आबा भाईर आलं, मोटारीत बसलं आन् म्हणलं, झुंबर, हिरवं दाबलं रं."

"चुकून?"

"मीबी तेच इचारलं. म्हणलं, चुकलं आसंल तर चिठ्ठी मागायची की. चिठ्ठीवर लिवून मत सुधारता येतं तितं. तर गप. पार घरापतोर गप."

"मग विरोधात म्हणून कुणी सांगितलं?"

"कुणीबी न्हाय. आबा विरोधातच जाणार आसं समद्यांनी धरल्यालं. दौंडला रेल्वेतनं उतरलो तर माणसं हार घिऊन हुबी, नाचाय लागलेली. आता एवढ्या हलगीत काय सांगतुय माणूस? आन् तिकीट तर तसंबी दुसऱ्यालाच द्यायचं ठरल्यालं." त्यांनी सुपारीचं खांड तिच्यापुढं धरलं. "दहाव्याला तू त्या मताचं वाचूच नगंस."

राग येईल म्हणून ती वाट बघत बसली. आला नाही. सुपारी चघळली, तुरट लागली.

दहाव्याला भीमेच्या काठावर मांडव, कर्णे, पांढऱ्या टोप्यांची गर्दी. पप्पांनी कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'पक्षाविरुद्ध मत देऊन शेतकऱ्यांशी इमान राखले.' माईक हातात आला की तिला आवाज आपोआप यायचा. आजही आला. जन्म, शिक्षण, कृषी समिती, याचिका समिती. मग त्याच सुरात ती म्हणाली, "जमिनीच्या विधेयकावर आबांनी बाजूनं मत दिलं. विरोधात दिलं नव्हतं."

कुणीतरी खोकलं. मांडववाला कर्ण्याची वायर ओढत होता. ती खाली उतरली.

लगेच बापूसाहेब उभे राहिले, सोसायटीचे चेअरमन. "आत्ताच नातीनं सांगितलं," त्यांनी माईक तोंडाशी ओढला, "आपल्या जमिनींसाठी आबांनी पक्षाला लाथ मारून विरोधात मत दिलं!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टोप्या हलल्या, व्हय व्हय म्हणून.

श्रेया पप्पांजवळ गेली. "पप्पा, मी बाजूनं म्हणाले."

"ऐकलं मी." पप्पा पाण्याकडं बघत होते. "आमच्या आईलापण माहीत होतं. पाहुण्यांना चहा द्यायचा राहिलाय बघ."

तिनं ट्रे उचलला. पहिला कप बापूसाहेबांनी घेतला.