न मारलेली थापड

नाक्यावर लटारू हवालदाराने मिथुनच्या कानफटात मारली, हे ठाण्यात नक्की झालं. ती मारलीच नव्हती, एवढा तपशील तूर्त बाजूला ठेवू.

एटापल्लीच्या रस्त्यावर दारू तपासायच्या नाक्याला मिथुनने मागे डबा बांधलेली मोटरसायकल थांबवली आणि सवयीने गाल पुढे केला. मोठ्या भावाने याच नाक्यावर थापड खाल्ली होती. गावातल्या सुरजने तर लायसन्स दाखवूनही खाल्ली होती. पण लटारू हवालदार म्हणाला,

"डब्यात काय हाये, दाखवता काय तुम्ही?"

मिथुनने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तुम्ही म्हणजे तोच.

डब्यात दारू नव्हती, घरी खायची वाळलेली मोहफुलं निघाली. हवालदाराने झाकण स्वतःच दाबून बसवलं.

"दारूबंदीचा जिल्हा, पाहा लागते. थांबवलं म्हणून राग मानू नका."

मग मागून आलेल्या ठेकेदाराच्या पांढऱ्या गाडीलाही त्याने तशीच डिक्की उघडायला लावली. मिथुन गावात आला तो भलताच अस्वस्थ. आदराचं करायचं काय, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पानठेल्यावर सुरज आणि बाकीची पोरं बसली होती.

"नाक्यावर थांबवलं ना बे तुले? काय म्हणे?"

"काई नाई. बरा बोलला."

पोरांचे सुपारी-तंबाखूचा खर्रा चोळणारे हात थांबले.

"बरा?" सुरज सावकाश थुंकला. "तुह्याशीच काऊन बरा बोलला?"

इकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं: पोरगा पोलिसांचा खबरी आहे. आणि खबरी ठरलेल्याच्या घरी रानातून अजूनही नक्षल्यांची धमकीची चिठ्ठी येऊ शकते. मिथुनने गाल चोळला.

"मंग एक ठेवून बी देली ना."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सुरजने स्वतःचा खर्रा पुढे केला.

प्रेम इथेच थांबलं असतं तर बरं. दुसऱ्या दिवशी पोरांनी त्याला उचलून ठाण्यात नेलं आणि तक्रार देववली. साहेबांनी हवालदाराला बोलावलं.

"म्या हात नाई लावला साहेब," लटारू म्हणाला. "पण पोराचं आयकून घ्या पयले." आणि कोपऱ्यातली खुर्ची त्यानेच आणून मिथुनमागे ठेवली. "बसा."

खुर्चीवर बसल्यावर मिथुनचे कान पहिल्यांदाच खरोखर लाल झाले.

"मारलं यानं?" साहेबांनी विचारलं.

दारात सुरज उभा होता. मिथुनने जमिनीकडे पाहत होकाराची मान हलवली.

लटारूची नाक्यावरून उचलबांगडी झाली. नव्या हवालदाराने पहिल्याच दिवशी सुरजला "ए, इकडं ये बे" म्हणून हाक मारली, तेव्हा पोरांना अगदी घरच्यासारखं वाटलं. मिथुन मात्र जेवेना. आठवड्याने त्याने कोरा कागद घेतला आणि साहेबांच्या नावे लिहिलं:

"महोदय, माझी तक्रार खोटी समजावी, परंतु तसे गावात कोणास कळू देऊ नये. हवालदार लटारू यांना नाक्यावर परत नेमावे. त्यांच्या नावावर नोंदलेली थापड त्यांच्याकडून येणे बाकी आहे. ती त्यांनी पानठेल्यासमोर, सर्वांसमक्ष, त्यांच्या सवडीने अर्जदारास मारावी, अशी परवानगी मिळणेस नम्र विनंती आहे."