सायकलवाल्यांमागे माझा ट्रक

पाकिस्तानशी लढाई सुरू झाली त्या साली मी जबलपूरला एका तोफांच्या कारखान्यात ट्रक चालवत होतो. नोकरी कच्ची होती. रोज संध्याकाळी सुट्या भागांची खोकी भरायची, अडीच मैलांवरच्या रेल्वेच्या मालधक्क्यावर न्यायची आणि साडेपाचच्या आत पलटणीच्या सुभेदाराच्या ताब्यात द्यायची, एवढंच माझं काम. साडेपाचला डब्याला सील लागे. सील लागलं की खोकी दुसऱ्या दिवसावर जात.

अडीच मैलांना अर्धा तास लागतो का, असं कुणी विचारेल. त्याने पाच वाजताच्या भोंग्याला आमच्या फाटकाशी उभं राहून पाहायला हवं होतं. भोंगा झाला की फाटकातून सात-आठ हजार सायकली बाहेर पडत. एका सेक्शनचे लोक एका ओळीत चालत. आडव्या ओळीत. चौघे, पाच जण, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि तोंडाने रेडिओवरच्या बातम्या. कुठली चौकी घेतली, कुठला रणगाडा फोडला. हॉर्न वाजवला तर कडेचा माणूस मागे वळून बघे आणि जोडीदाराला सांगे, "गाडी आहे." दोघेही पुन्हा पुढे बघत आणि तसेच चालत. मधेच एखादा टांगेवाला घोडा थांबवून बिडी पेटवी. दूधवाले कॅन लटकवून उलट्या बाजूने येत, आणि वर माझ्याकडेच बघून म्हणत, "देखके, भैया."

लढाईच्या पहिल्या आठवड्यात मी दोनदा उशिरा पोहोचलो. आमचे फोरमन नीलकंठराव नागपूरकडचे होते. त्यांनी मला बोलावून एक कागद पुढे केला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, तरी कागद त्यांनी पुढे केलाच.

"काहून उशीर होते रे तुला, गुणवंता?"

"साहेब, रस्त्यावर लोक हटत नाहीत."

"लढाई चालू आहे आणि तू लोकांचं सांगून राहिला? हे दुसरं झालं. तिसऱ्यांदा झालं तर घरी बस. वेळेवर काम केलं तर दिवाळीनंतर तुझं नाव पक्क्यात घालतो."

पक्का झालो की क्वार्टर मिळणार होतं. मी दीक्षितपुऱ्यात मामाच्या सामानाच्या खोलीत झोपत होतो. बायको शकु आणि दोन पोरी वरूडला तिच्या माहेरी होत्या. तिला तिथे दीड वर्ष झालं होतं, आणि तिच्या भावजयीने आता तिला पाहुणी म्हणणं सोडून दिलं होतं. त्यामुळे त्या तिसऱ्या उशिराची मला फार भीती होती.

माझ्याबरोबर ट्रकवर कारखान्याचा दरबान असे, श्यामसुंदर. खोक्यांवर ताडपत्री टाकून तो वर बसे, हातात काठी. माणूस तिथलाच, आवाज दमदार. माझी गोष्ट त्याला ठाऊक होती.

त्या मंगळवारी नाल्यावरच्या पुलियापाशी आम्ही अडकलो. पुढे पाच जणांची ओळ. मधल्याने दोन्ही हात सोडून दिले होते आणि विमान कसं खाली आलं ते तो दाखवत होता. मी हॉर्न दाबून धरला. त्याने त्या विमानासकट मागे पाहिलं आणि पुन्हा उडायला लागला. पाच वाजून सात मिनिटं झाली होती.

तेवढ्यात वरून श्यामसुंदरचा आवाज आला.

"राम नाम सत्य है!"

मला वाटलं, वर काही झालं की काय. मी डोकं बाहेर काढलं. तो खोक्यांवर उभा होता, टोपी काढून हातात घेतलेली.

"अरे, काय करून राहिला?"

"तुम गाड़ी चलाओ, बड्डे. और धीरे चलाना, अर्थी दौड़ती नहीं है."

पुढची ओळ मोडली. विमानवाला सायकलवरून उतरला, डाव्या बाजूला झाला, डोकं खाली केलं. त्याच्या पुढचे उतरले. टांगेवाल्याने बिडी फेकली आणि घोड्याला लगामाला धरून कडेला घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर तो सगळा रस्ता मधोमध उघडत गेला. इतक्या महिन्यांत मी त्या रस्त्याचा मधला भाग पाहिलाच नव्हता.

मी पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर आलो. श्यामसुंदर थांबून थांबून रामाचं नाव घेत होता आणि दोन्ही बाजूंनी लोक त्याला साथ देत होते. मला लाज वाटत होती आणि घड्याळही दिसत होतं.

मग मी आरशात पाहिलं. लोक बाजूला झाले होते, पण थांबले नव्हते. आमच्या कारखान्यात रीत होती की आपला माणूस गेला तर नर्मदेच्या घाटावरच्या स्मशानापर्यंत जायचं. ते सगळे सायकलवर बसून ट्रकच्या मागे येत होते. एकामागे एक. एकेरी ओळीत, गप्प, डोकी उघडी. पुलियापासून वळणापर्यंत ती ओळ तुटत नव्हती.

पुढे रस्ता फुटत होता. डावीकडे ग्वारीघाट, उजवीकडे स्टेशन. मी उजवीकडे वळलो. मागे गडबड झाली. कुणीतरी ओरडलं, "काय भैया, घाट तो उतै है!"

मी ब्रेकवर पाय ठेवणार, तोच दुसरा आवाज आला. "बाहर का आदमी होगा. रेल से घर भेज रहे होंगे."

"कोई बंगाली बाबू लगत है."

"बेचारा."

आणि सगळी ओळ उजवीकडे वळली.

मालधक्क्यावर पोहोचलो तेव्हा पाच पंचवीस झाले होते. सुभेदाराने ट्रक पाहिला, ट्रकमागे तीनशे उघडी डोकी पाहिली, आणि काही न विचारता आपल्या जवानांना सावधान करून सलाम ठोकला. मग ताडपत्री निघाली. खाली खोकी होती, नंबर घातलेली.

गर्दीतून नीलकंठराव पुढे आले. तेही सायकल हातात धरून आले होते, टोपी खिशात.

"कोण गेलं, गुणवंता?" त्यांनी हळूच विचारलं.

खोटं नाव सांगावं असं क्षणभर मनात आलं. पण ज्याचं नाव घेऊ त्याचे सेक्शनवाले तिथेच उभे असणार.

"कोणी नाही साहेब. वेळेवर आलो."

 मग विमानवाला म्हणाला, "माने हम दो मील फोकट में रोए?" त्यावरून ओरडा सुरू झाला. मी हात जोडून सगळं सांगितलं. दोन उशीर, तिसरा झाला तर घरी, वरूडला बसलेली शकु. श्यामसुंदर तेवढा वेळ टोपी शोधत होता.

"तो पहले बताना था न, भैया," लेथवरचा एक म्हातारा खरादी म्हणाला. लोक जरा निवळले. मग वाद निघाला तो अंघोळीचा. मेलेलं कोणी नाही, तर घरी जाऊन अंघोळ करायची की नाही. खरादी म्हणाला, नाव घेतलं, मागे चाललो, अंघोळ करावी लागणार. दुसरा म्हणाला, खोक्यांचं सुतक कुठल्या पोथीत आहे. नीलकंठराव नुसते ऐकत होते. जाताना मला म्हणाले, "उद्या मी ट्रकमध्ये बसतो. पाहतो तुझा रस्ता." आणि ते घरी न जाता घाटाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या शेजारी बसले. भोंगा झाला. आणि लोकांनी खरोखर मला वाट द्यायचं ठरवलं होतं. प्रत्येकाने. पहिला सायकलवरून उतरला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून पुढच्यांना हात करू लागला, "हटो, हटो, गुणवंत भैया की नौकरी का सवाल है." पुढचे थांबले आणि त्यांच्या पुढच्यांना सांगू लागले. विमानवाल्याने एका दूधवाल्याचा कॅन धरून त्याला नीट समजावलं की मी कोण, शकु कोण, वरूड कुठे आहे. टांगेवाला टांगा आडवा लावून सायकली अडवत होता, माझ्यासाठी. पुलियावर मी इंजिन बंद केलं.

नीलकंठराव दाराबाहेर अर्धे लटकून ओरडत होते. पहिल्यांदा मराठीत, मग हिंदीत. शेवटी ते बोलले ती भाषा मी त्यांच्या तोंडी कधी ऐकली नव्हती. ऐकणारे माना डोलावून म्हणत, "हओ साहब, वही तो कह रहे हैं सबको."

आम्ही पोहोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. सुभेदार डब्यापाशी कमरेवर हात ठेवून उभा होता. सील लागलेलं होतं. मी मान खाली घालून उतरलो. तिसरा उशीर झाला होता.

"ड्राइवर कौन है?" त्याने विचारलं.

नीलकंठरावांचा घसा बसला होता. ते कसेबसे म्हणाले, "ड्राइवर ठीक है. समय पर निकला था. मैं खुद साथ में था."

"फिर देर क्यों हुई?"

"लोग हटते नहीं."

परतताना पुलियापाशी त्यांनी मोकळा रस्ता पाहिला. मग म्हणाले, "उद्यापासून साडेचारला निघत जा. भोंग्याच्या आधी." हे आधी का सुचलं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दिवाळीनंतर माझं नाव पक्क्यात लागलं. शकु आली, पोरी आल्या. साडेचारचा रस्ता मोकळा असे. खोकी देऊन पाच वाजायच्या बेताला मी परत फाटकाशी येई, ट्रक उभा करी आणि माझी सायकल काढी. तेवढ्यात भोंगा होई. मी, श्यामसुंदर आणि तो विमानवाला, त्याचं नाव शैलेंद्र, असे तिघे बरोबर निघत असू. श्यामसुंदर तेव्हा सासऱ्याशी झालेलं भांडण सांगत होता, आणि त्याला मधे तोडलेलं खपत नसे, म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालवत होतो.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला.

"गाडी आहे," मी म्हणालो.

"आने दो," श्यामसुंदर म्हणाला, "तो ससुर जी बोले..."