सातवं नाव, आठवं कलम

गावयादीला सहा नावं मिळाली होती आणि कायद्याला सात लागतात, एवढ्या एकाच कारणासाठी मी राजकारणात आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी जन्मजात पुढारी समजायला नको. गेल्या वर्षापर्यंत तर फळ्यासमोर उभं केलं की माझा आवाज घशातच बसकण मारायचा.

मार्च महिना होता. तोर्गाइर आमच्या स्वयंपाकघरात बूट काढून, नुसत्या मोज्यांवर, कॉफीचा कप धरून बसला होता. तोर्गाइर म्हणजे गावयादीचा प्रमुख. एरवी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. गावयादी हा आमच्या हेल्लेविकचा स्वतःचा पक्ष. मोठ्या पक्षांना राजधानीची काळजी आणि आपल्याला खड्ड्यांची, असं तो दर निवडणुकीत सांगतो.

"सिग्ने, तू डिसेंबरात अठराची होतेस ना?"

"दोन तारखेला."

"मग झालं. याच वर्षात अठरा पुरी होत असतील तर सप्टेंबरात मतही देता येतं आणि उभंही राहता येतं. सातव्या नंबरवर टाकतो तुला."

"आणि निवडून आले तर?"

तो इतका हसला की कॉफी टेबलावर सांडली. "आपल्या दोन जागा येतात, सिग्ने. सातवीपर्यंत पाळी यायला वरच्यांपैकी पाच जण मरायला लागतील."

"त्यातली एक मी आहे," आई फडकं त्याच्याकडे फेकत म्हणाली. ती चौथ्या नंबरवर होती.

मी म्हटलं, नाव देते, पण एका अटीवर. वृद्धनिवासाचं स्वयंपाकघर जाहीरनाम्यात घ्यायचं.

तो विषय तेव्हा गावभर होता. नव्या वर्षापासून वृद्धनिवासातली चूल बंद करायची, असं पालिकेनं ठरवलं होतं. जेवण सत्तर किलोमीटरवरच्या शहरात शिजणार, थंड होणार, प्लॅस्टिकच्या डब्यांतून आठवड्यातून दोनदा येणार. इथे फक्त गरम करायचं. फेब्रुवारीत त्यांनी आठ दिवस करून पाहिलं. माझे आजोबा तिथे दोन वर्षं आहेत. त्या आठ दिवसांत ते कडक पाव आणि तपकिरी चीज खाऊन राहिले, अडीच किलोंनी उतरले, आणि मी रागावले तर म्हणाले, "वास न येता जे ताटात येतं ते जेवण नव्हे. ते टपाल."

तोर्गाइरनं डोकं खाजवलं. "सात कलमं ठरलीत. पहिलं धक्का, दुसरं वरच्या वाडीचा रस्ता..." बाहेरून येणाऱ्या होड्यांसाठी नवा तरंगता धक्का हे त्याचं बारा वर्षांचं स्वप्न होतं. त्याचा नकाशा त्याच्या गाडीत कायम असायचा, हातमोज्यांच्या शेजारी. "आठवं म्हणून टाकतो."

"आठवं म्हणजे शेवटचं."

"शेवटचं म्हणजे छापलेलं तरी."

तर अशी मी उभी राहिले. उन्हाळाभर दुकानाबाहेर वॅफलचा साचा घेऊन बसले, आणि काय सांगू, मजा आली. वॅफल हातात असलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. पहिल्या आठवड्यात मी "स्वयंपाकघर" एवढा एकच शब्द बोलत होते; जुलै संपेपर्यंत मी लोकांना घरापर्यंत सोडायला जात होते, बोलत बोलत.

आमच्याकडे मत द्यायचं म्हणजे पक्षाची यादी उचलायची, आणि वाटलं तर आवडत्या नावांपुढे फुल्या मारायच्या; ज्याच्या फुल्या जास्त तो यादीत वर सरकतो. पक्षानं एखादं नाव ठळक छापलं की त्याला आगाऊ मतांची भर मिळते. मोठे पक्ष आपल्या पुढाऱ्यांना ठळक करतात. तोर्गाइरला आम्ही सगळ्यांनी सांगितलं, तुझं नाव तरी कर. तो लाजून म्हणाला, "छे, आपल्यात कोणी कोणापेक्षा ठळक नाही."

निवडणूक सोमवारी झाली. मंगळवारी सकाळी मी शाळेच्या बसमध्ये होते तेव्हा आईचा फोन आला.

"बसली आहेस ना?"

"बसमध्ये आहे म्हणजे बसलेच आहे."

"आपल्या दोन जागा आल्या. एक तोर्गाइर, त्र्याण्णव फुल्या." मागे तिनं नळ बंद केल्याचा आवाज आला. "आणि एक तू. चौऱ्याण्णव."

मी एवढी ओरडले की बसचालक स्टाइनारनं ब्रेक दाबला. काय झालं ते कळल्यावर तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचे कान लाल झाले.

"त्यातली एक माझी आहे," तो म्हणाला. "म्हटलं शेवटचं पोर आहे, शून्य नको पडायला. रोज बसला येते, तोंड कसं दाखवेल. मला वाटलं, मी एकटाच मारतोय."

संध्याकाळी दुकानात गेले. गल्ल्यावरच्या बाईनं मला हळूच बाजूला घेतलं. "सिग्ने, खरं सांगते, ती फुली तशी मनापासून नव्हती. तुला वाईट वाटू नये म्हणून मारली." ग्रंथपाल तेच म्हणाली. माझा गणिताचा मास्तर तेच म्हणाला. गुरुवारपर्यंत एकतीस जणांनी कबुली दिली. प्रत्येकाला वाटलं होतं की गावात दयाळू तो एकटाच. इतकी माफी मागत कोणी कोणाला निवडून दिलं नसेल.

मला वाईट वाटलं. साधारण अर्धा दिवस. मग आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मासा गळाला चुकून लागला म्हणून कोणी परत सोडतं का?" आणि माझं वाईट वाटणं संपलं.

तोर्गाइर शुक्रवारी आला. हातात एक कागद. गावयादीचे नियम, त्यानंच लिहिलेले: ज्याच्या फुल्या जास्त तो पालिकेच्या सभेत पक्षाचा म्होरक्या आणि तोच बोलणी करणार.

"नियम म्हणजे नियम," तो मोज्यांकडे बघत म्हणाला.

"तोर्गाइर, तूही मला फुली दिलीस?"

त्यानं कागद टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी सपाट केला. "मारितनंही दिली," तो शेवटी म्हणाला. मारित त्याची बायको.

मी मनात चौऱ्याण्णवातून दोनाची वजाबाकी केली. त्यानं ती माझ्या आधीच केली होती, हे चेहऱ्यावर दिसत होतं. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

ओड्वारशी बोलणी करायला आम्ही दोघं गेलो. पालिकेच्या सतरा जणांच्या सभेत ओड्वारच्या पक्षाचे आठ, समोरच्यांचे सात आणि आमचे दोन; बहुमताला नऊ लागतात. ओड्वार आठ वर्षं पालिकेचा अध्यक्ष आहे, पण आमच्याकडे अध्यक्षालाही अरे ओड्वारच म्हणतात, त्यामुळे मला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. शिवाय मी वॅफल नेले होते.

"आठ कलमं झेपायची नाहीत," ओड्वार जॅम लावत म्हणाला. "दोन निवडा. दोन्ही करतो, शब्द देतो. पण दोनच. सोमवारपर्यंत सांगा."

परतताना गाडीत तोर्गाइर म्हणाला, "दोन म्हणजे पहिलं आणि दुसरं. धक्का आणि रस्ता. लोकांनी जाहीरनामा वाचून मत दिलंय."

"लोकांनी माझी दया येऊन मत दिलंय."

"तेही खरं."

"तोर्गाइर, तू ते स्वयंपाकघर बघितलंयस का कधी?"

"दर शनिवारी जातो मी तिथे, आईकडे. वर्कशॉप बंद करून चार वाजता. ती खुर्चीत पेंगत असते. हल्ली तिला वारसुद्धा कळत नाही. विचारलं तर म्हणते, तूच सांग." तो रस्त्याकडे बघत होता. "तिला काय, कुठे शिजलं त्यानं फरक पडत नाही आता."

"सोल्फ्रिद म्हणते, खीर चढली की सगळ्या मजल्याला शनिवार कळतो."

"सोल्फ्रिद आचारीण आहे. ती चुलीचीच बाजू घेणार."

निवड करायची होती गावयादीच्या सदस्यांनी, हात वर करून. एकोणीस सदस्य. मी प्रत्येकाला फोन केला. स्वयंपाकघराच्या बाजूनं सहा. बाकीचे म्हणाले, तोर्गाइर काय म्हणतो ते बघू. म्हणजे तोर्गाइर हलला नाही तर चूल गेली, आणि आजोबा जानेवारीपासून टपाल खाणार. म्होरक्या म्हणून मी परस्पर ओड्वारला सांगूनही टाकलं असतं, कोणी अडवू शकलं नसतं. पण मग पुढची चार वर्षं त्या गाडीत त्याच्या शेजारी कशी बसणार होते मी?

सभागृह शनिवारी मूस हरणांच्या शिकाऱ्यांनी घेतलेलं होतं. मी म्हटलं, मग वृद्धनिवासाच्या जेवणघरात बसू, साडेअकराला. कोणाची हरकत आली नाही, तिथली कॉफी चांगली असते. आदल्या दिवशी मी सोल्फ्रिदला गाठलं.

"शनिवारची खीर किती वाजता चढवतेस?"

"साडेदहाला. का?"

"काही नाही."

"अगदी आजोबांसारखं काही नाही म्हणतेस," ती म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

शनिवारी तोर्गाइर नकाशा घेऊन उभा राहिला. धक्का कुठून सुरू होणार, किती होड्या लागणार, सगळं त्यानं नीट सांगितलं, आणि खरं बोलायचं तर धक्का छानच होता. तोवर स्वयंपाकघराच्या दारातून वास यायला लागला होता. दुधात संथपणे शिजणारा भात, खाली किंचित लागल्याचा तो एक वास, मग दालचिनी. पुढच्या रांगेतल्या दोघांनी माना वळवल्या. तोर्गाइर आवाज चढवून बोलत राहिला.

मग जेवणघराची दारं उघडायला लागली. जेवायला अजून अर्धा तास होता, पण म्हातारी मंडळी एकेक करून येत होती, केस विंचरून, स्वेटरची बटणं लावून. माझे आजोबा टाय लावून आले आणि सभेकडे बघून म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. आम्ही खिरीला आलोय."

सर्वांत शेवटी बोर्गहिल्द आली, तोर्गाइरची आई. चाकांचा वॉकर धरून हळूहळू, निळा झगा, गळ्याशी चांदीची पिन. ती टेबलांमधून सरळ चालत आली आणि त्याच्यासमोर थांबली.

"तू लवकर आलास," ती म्हणाली.

तोर्गाइरचा हात नकाशावरच राहिला. "आई?"

"चार वाजता येतोस ना तू. शनिवारी. मी आताच तयार झाले." तिनं पिन चाचपून पाहिली. "चारपर्यंत बसायचं म्हणजे फार वेळ होतो रे. मग झोप लागते."

"तुला कसं कळलं, आज शनिवार आहे ते?"

तिनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं माझा गणिताचा मास्तर माझ्याकडे बघतो. "खिरीला काय मंगळवारचा वास येतो?"

सगळे हसले. तोर्गाइर हसला नाही. त्यानं खुर्ची ओढून तिला बसवलं, तिच्या वॉकरचा ब्रेक लावला, उगाच दोनदा तपासला. मग नकाशाची घडी घातली, आणि ती नीट बसेना म्हणून पुन्हा उघडून पुन्हा घातली.

"डब्यांच्या त्या आठ दिवसांत मी आलोच नव्हतो," तो कोणाला तरी म्हणाला. "फेब्रुवारीत. इंजिनांचं काम होतं." मग त्यानं घसा साफ केला. "सिग्ने, म्होरकी तू आहेस. मत घे."

मी उभी राहिले. भाषण तयार होतं, तीन पानांचं. ते मी खिशातच ठेवलं. "स्वयंपाकघर पहिलं," मी म्हटलं. "कोण कोण?"

पहिला हात तोर्गाइरचा. मग एकोणीसच्या एकोणीस, आणि मागे आजोबांचा, जे सदस्यच नाहीत. दुसरा क्रमांक रस्त्याला गेला, कारण वरच्या वाडीहून सात जण आले होते आणि त्यांच्या गाड्यांची अवस्था सगळ्यांना ठाऊक होती.

"आणि धक्का?" कोणीतरी विचारलं.

"धक्का आपण मे महिन्यात हातानं बांधू," तोर्गाइर म्हणाला. "लाकडं माझ्याकडे आहेत. शनिवार सोडून. आणि फुल्या मारणाऱ्या प्रत्येकानं हातोडी आणायची."

"म्हणजे चौऱ्याण्णव हातोड्या," आई म्हणाली.

ओड्वारनं शब्द पाळला. डिसेंबरात सभेत दहा विरुद्ध सात अशी चूल वाचली. मी बोलायला उठले तेव्हा माझा आवाज जिथे असायला हवा तिथे होता. इतका की समोरच्या एकानं कानातल्या यंत्राचा आवाज कमी केला.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी मी साडेअकराला गेले. तोर्गाइर आधीच आला होता, हातांना ग्रीसचा वास, शेजारी निळ्या झग्यातली बोर्गहिल्द, आणि ती त्याला खिरीच्या मधोमध वितळलेला लोण्याचा डोळा न फोडता ती कशी खायची ते शिकवत होती. आजोबांनी दोन ताटं संपवली आणि चमचा ठेवला.

"सदस्यबाई, दालचिनी कमी पडते. पुढच्या जाहीरनाम्यात घाला."

"कितवं कलम?"

"नववं चालेल," ते म्हणाले. "तू पुन्हा सातवीच राहा म्हणजे झालं."