कागदाखालचा ‘रा’

मी नेकनूरच्या शाळेच्या मैदानावरचा बास्केटबॉलचा बोर्ड बोलतोय. बोलतोय कसला, कण्हतोय म्हणा. उन्हापावसानं माझं प्लायवूड फुगलंय, रिंग एका बाजूला कललीय आणि गावातल्या म्हशी माझ्या खांबाला निवांत अंग घासतात.

मला गावाला दिलं मोहनरावांनी. आमच्या भागातले पुढारी ते. आता दिलं म्हणजे नाव आलंच. नेम धरायला रिंगच्या वर एक चौकोन काढायचा असतो. त्याच जागी पेंटरनं लाल रंगात भलं मोठं ‘मोहनराव’ लिहिलं आणि चौकोनाला जागाच उरली नाही.

पोरांना शिकवायला विजयमालाताई बीडहून एसटीनं येतात. दिवसभराची नोकरी उरकून येतात, त्यामुळं शिट्टी वाजवतानाही त्यांना दम लागतो. पहिल्या दिवशी मला बघून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग पोरांना म्हणाल्या, “चौकोन नाही तर नाही. उजवीकडून ‘रा’वर मारा, डावीकडून ‘ह’वर, समोरून ‘न’वर.” पोरं लहान म्हणून मला दोन फूट खाली उतरवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मोहनरावांच्या वाटचा मार मीच खातोय.

सगळ्यात लहान शिवांजली, दुसरीतली. तिचा चेंडू माझ्यापर्यंत पोचायचाच नाही. “गुडघे वाकव गं बाई,” ताई सांगून सांगून थकल्या. मी कंटाळलो, ताई कंटाळल्या, ती काही कंटाळेना. अलीकडं कुठं तिचा चेंडू ‘रा’ला लागायला लागला आणि कधीमधी रिंगमधूनही पडू लागला.

समोरचं किराणा दुकान तिच्या वडिलांचं, वैजिनाथअप्पांचं. परवा ते रस्ता ओलांडून आले. “ताई, लई दिवस बघितलं. पोरगी दमून येती अन् पाटीपुस्तक सोडून झोपती. रविवारी मॅच हाय म्हणं. तिच्या हातनं एक तरी पडू द्या. न्हाई तर सोमवारपासून खेळ बंद.”

ताई फक्त “बरं” म्हणाल्या.

आणि काल निवडणुकीची आचारसंहिता लागली. पुढाऱ्याचं नाव दिसता कामा नये, म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई हनुमान खळीची बादली घेऊन आला आणि नावासकट मला सगळ्यालाच जुन्या पेपरांनी झाकून गेला.

आज सकाळी ताईंनी ते बघितलं. “अरे, पोरांचा नेम आहे तो!”

“म्या काय करू ताई? कागद फाडला तर माझी नोकरी जाईल.”

मॅच झाली. लिंबागणेश गावाहून आलेली पोरं आपली धडाधड चेंडू मारत होती. आमची मात्र चेंडू हातात घेऊन माझ्याकडं बघत उभी राहायची, तोवर कुणीतरी तो हिसकून न्यायचं. शिवांजली तर रडकुंडीला आली. “ताई, ‘रा’ कुठं गेला?” आम्ही सपाटून हरलो आणि तिच्या हातून एकही पडला नाही.

अप्पा मैदानात आले. आता हिला घरी नेणार, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. ताईंनी मानही वर केली नाही.

“मार बाळा, एकदा,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, ‘रा’ दिसत न्हाई.”

“तिथंच हाय की. ती मंजनाची जाहिरात दिसती का? तिच्या वरल्या कोपऱ्यात.”

ताई बघतच राहिल्या. “तुम्हाला कसं ठाऊक?”

“रोज गल्ल्यावरनं दुसरं काय बघतोय मी?”

शिवांजलीनं गुडघे वाकवले आणि चेंडू फेकला. कागदाखाली बरोबर ‘रा’वर मला ठोसा बसला. लाकडाला झुकता येत नाही, नाही तर मी झुकलो असतो. चेंडू रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला.

दुकानापुढं एक गिऱ्हाईक हाका मारत होतं. अप्पांनी चेंडू उचलला, धोतराला पुसला आणि पोरीच्या हातात दिला.

“अजून एकदा.”

निवडणूक झाली की नव्या नावाचा नवा बोर्ड यायचाय म्हणे. येऊ द्या. मलाही आता कुठंतरी आडवं पडायचंय. तोवर एवढंच करा, मला घाईनं उतरवू नका. उद्या सोमवार आहे, आणि शिवांजली येणार आहे.