उरलेली सगळी तिकिटं

बाल्कनीतून लतिकाला खाली कुमुदताई दिसल्या. खांद्याला मराठी मंडळाची कापडी पिशवी अडकवून त्या गुडगावच्या त्या नव्या सोसायटीच्या वॉचमनला फ्लॅट विचारत होत्या. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोघींची दारं समोरासमोर होती. मग लतिकाच्या नवऱ्याने, श्यामने, सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनी धरली आणि ती इकडे आली.

आज श्यामच्या साहेबांची बायको पहिल्यांदाच चहाला येणार होती. कुमुदताई एकदा बसल्या की लवकर उठत नसत, आणि बोलणं असं की अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल.

"देविका, दार उघड आणि मम्मी घरी नाही म्हण," असं मुलीला सांगून लतिका बेडरूममध्ये शिरली.

"मम्मी घर पे नहीं है," देविका दारात म्हणाली.

"असू दे. पाणी देतेस बाळ?" कुमुदताई सोफ्यावर टेकल्या. "आईला सांग, नाटकाची तिकिटं आणली होती. आमच्या त्या कादंबरीवरचं नाटक आहे, पुण्याहून येतायत. माझं डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा ती रोज दुपारी मला वाचून दाखवायची. पट्टी माझ्या डोळ्यांवर आणि हुंदके हिचे!"

"हुंदके मतलब?"

"रडणं गं."

आत लतिकाचे कान तापले. तिला तिथे थांबवेना. केस थोडे विस्कटून ती बाहेर आली.

"अय्या, कुमुदताई! मी जरा पडले होते. हिला वाटलं, मी बाहेर गेलेय."

"पण मम्मी, तूच तर म्हणालीस..."

"जा, सरबत आण."

कुमुदताईंनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. मग परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "किती तिकिटं देऊ?"

"किती उरलीत?"

"दहा."

"सगळी द्या."

"सगळी? कुणाला नेणार आहेस?"

"आहेत ना इथे बरेच लोक," लतिका म्हणाली. त्या इमारतीत मराठी कळणारं दुसरं कुणीही नव्हतं.

कुमुदताई सरबताला थांबल्या नाहीत.

नाटकाच्या दिवशी श्यामची मीटिंग निघाली. लतिका देविकाला घेऊन गेली. हॉल गच्च भरला होता, म्हातारी माणसंसुद्धा भिंतीला टेकून उभी होती. आणि मधल्या रांगेत या दोघींच्या शेजारी आठ खुर्च्या रिकाम्या. मागून कुणीतरी म्हणालं, "लोक तिकिटं अडवून ठेवतात, आणि येत नाहीत." रंगमंचावर आई मुलाचा निरोप घेत होती, सगळीकडे नाकं ओढल्याचे आवाज येत होते. लतिकाला एक टिपूस आलं नाही. तिला फक्त त्या खुर्च्या दिसत होत्या.

मध्यंतरात ती दारापाशी गेली. तिथे कुमुदताई तिकिटं तपासायला उभ्या होत्या.

"आठ जागा रिकाम्या आहेत. या लोकांना बसवा ना. आणि तुम्हीपण या."

कुमुदताईंनी तिकिटं घेतली, उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना त्या जागांवर पाठवलं. स्वतः मात्र आल्या नाहीत. "मी दारावरच बरी."

नाटक संपल्यावर लतिकाने त्यांना बस स्टॉपवर गाठलं.

"त्या दिवशी मी झोपले नव्हते."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीसमोर काय बोलायचं?" कुमुदताईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "दोन बस बदलून आले होते, लतिका. दहा तिकिटं खपवायला नव्हते आले. आपण दोघी शेजारी बसून बघू, एवढंच मनात होतं."

"चुकलं माझं, ताई."

बस आली. पायरीवर चढताना त्या म्हणाल्या, "रविवारी ये क्वार्टरवर. फोन करू नकोस. मी घरी आहे की नाही, ते तेव्हा बघू."

रविवारी लतिका गेली. कुमुदताई घरी होत्या. चहा झाला, बशीतून चकल्याही आल्या. पण पूर्वी त्या तिला थेट स्वयंपाकघरात ओढून न्यायच्या. या वेळी पाहुण्यांसारखं बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर बसवलं.