सुईच्या टोकाएवढं भोक

मित्रांनो, मी जाड प्लास्टिकची एक जुनी काळी चादर आहे. सिंगापूरच्या दक्षिणेला भर समुद्रात एक दगडी बांध आहे. त्याच्या आतल्या उतारावर, वाळूखाली मी पसरलेली आहे. माझ्या एका अंगाला शहरातल्या जाळलेल्या कचऱ्याची राख आणि दुसऱ्या अंगाला समुद्र.

माझ्या पट्ट्या तंगवेल नावाच्या तमिळ कामगाराने जोडल्या. प्रत्येक जोडाला दोन शिवणी आणि मध्ये बारीक पोकळी. त्या पोकळीत तो सुई टोचून हवा भरायचा आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत बसायचा. काटा उतरला नाही की जोड पक्का. मग सुईच्या भोकावर ठिगळ लावायचं. असा मन लावून काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बांधाबाहेर म्हाताऱ्या सिदेककाकांचे माशांचे पिंजरे होते. ते रोज होडी लावून विचारत, "झाली का रे गोधडी शिवून? राखेचं पाणी झिरपलं नि माझे मासे मेले, तर तुझ्याच घरी जेवायला येईन."

"या की, काका. नुसतं सांबार मिळेल."

एका सकाळी माझ्यावर वाळू पडली आणि दुपारी तंगवेलचा चेहरा उतरला. तो बांध आखणाऱ्या इंजिनिअर को बाईंपाशी गेला. "मॅडम, एक ठिगळ लावायचं राहिलं. एकतीस नंबरच्या जोडावर."

मुकादम हसला. "सुईच्या टोकाएवढं भोक. खाली हातभर चिकणमाती आहे. कोणाला कळणार?"

सिदेककाका होडीतूनच म्हणाले, "जन्मभर जाळी विणतोय मी. सुटलेली गाठ आपल्याआधी माशाला सापडते."

को बाईंनी पिंजऱ्यांकडे पाहिलं. "वाळू काढा. फावडं लावू नका, चादर फाटेल. हातांनी काढा."

आणि त्या स्वतः गुडघ्यांवर बसल्या. सिदेककाकाही आले, मुकादमही आला. उन्हं उतरताना भोक सापडलं. तंगवेलने ठिगळ लावलं, दोनदा तपासलं. को बाई त्याला एवढंच म्हणाल्या, "सांगितलंस, बरं केलंस."

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं झाली. बांधाबाहेर खारफुटी माजली आहे. पाहुणे येतात, बगळ्यांचे फोटो काढतात. मी आहे हे कुणाला ठाऊक नसतं. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण पिंजऱ्यांत अजून मासे उसळतात. सिदेककाकांची नात माशांना खाणं टाकते, तो आवाज मला दगडांतून ऐकू येतो.

मित्रांनो, राख रोज वाढते आहे, म्हणून कचरा जपून करा. आणि तुमच्या हातून कधी एखादं भोक राहिलं, तर वाळू पडण्याआधी सांगा. पडली असेल, तरी सांगा.